सावलीत चालणारा डबा आणि राऊत सर

आधी तक्रार. नमस्कार नंतर.

या गौरवग्रंथाची संपादक मंडळी माझ्याकडे आली ती माझा लेख तयार करूनच. म्हणे आजी, तुम्हाला कशाला त्रास, आम्ही लिहून आणलंय, तुम्ही फक्त सही करा. मी चष्मा लावून वाचलं. सौजन्यमूर्ती होतं, ऋषितुल्य होतं, दीपस्तंभ तर दोनदा होता. दिगंबर राऊत सर मात्र त्यात कुठे सापडेनात. तो कागद कोणाच्याही साठीला चालला असता, नाव बदललं की झालं. मी परत केला. मग म्हणाले, बरं, तुम्हीच लिहा, पण सरांच्या स्वभावावर लिहा. चिप आणि बॅटरीवर इंजिनीअर लिहितील. आता सरांचा स्वभाव मला दिसला कुठे? चिप निवडतानाच दिसला. मी काही त्यांच्याबरोबर पत्ते खेळायला बसले नव्हते. तेव्हा मी चिपवर लिहिणार. जागा कमी पडत असेल तर आपापले दीपस्तंभ कमी करा.

आता नमस्कार. मी रोजा लोपीस, वसईजवळच्या गिरीजची. शाळा चौथीपर्यंत, पुढे सगळी वाडी. केळी, नारळ, कडेने भाजी. आमची विहीर दोन घरांची आहे, माझी आणि माझे दीर बस्त्याव यांची. विहीर एक, पण मोटरी दोन आणि मीटर दोन. पाण्याच्या पाळ्या सासऱ्यांनी लावून दिल्या त्याच अजून चालतात. विहीर सोडली तर आम्हा दोन घरांत दुसरं काही सामाईक राहिलेलं नाही, बोलणंसुद्धा नाही.

समुद्र आमच्यापासून लांब नाही. आमच्या विहिरींत गोडं पाणी वर असतं आणि खाली खारं टपून बसलेलं असतं. बेताने उपसलं तर गोडं मिळतं. हावरटासारखं उपसलं की खारं वर चढतं, आणि एकदा नीट चढलं की ती विहीर पुन्हा कधी गोडी होईल हे कोणी सांगू शकत नाही. केळीला खारं पाणी लागलं की आधी पानांच्या कडा जळतात, मग बाग जाते. रहाट होता तेव्हा बैलामागे माणूस असायचा, पाणी कुठल्या पायरीला आलं ते त्याला दिसायचं. मोटर आली आणि माणूस घरी जाऊन झोपला. त्यात आजूबाजूच्या विहिरींवर टँकर लागले. तिकडे मनवेलपाड्याला इमारती उभ्या राहणार आणि त्यांच्या टाक्या आमच्या जमिनीतून भरणार, असे ते दिवस होते.

अशा वेळी राऊत सरांनी एक डबा बनवला. डब्यातून दोन सळ्या विहिरीत सोडलेल्या. पाणी ठरलेल्या खुणेच्या खाली गेलं की भोंगा वाजणार, आणि ज्याला ऐकू येईल त्याने मोटर बंद करायची. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. बस्त्यावने विचारलं, वीज कोणाच्या मीटरवरून घेणार? सर म्हणाले, कोणाच्याही घ्या, अगदी थोडी लागेल. त्यावर आम्ही दोघे जे भांडलो ते फादरांना मध्ये पडून थांबवावं लागलं. थोडी असो नाहीतर फार, सामाईक डब्याला माझ्या मीटरची वीज मी का द्यावी, आणि त्यांनी तरी का द्यावी? सरांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला डबा आणला तो पाठ्यपुस्तकाएवढं सूर्याचं पॅनल लावून. म्हणाले, हा कोणाच्या मीटरवर नाही. गिरीजमध्ये सूर्याची वीज आली ती अशी, भावकीच्या भांडणातून. ईस्टरनंतर आणखी काही वाड्यांबरोबर आमच्याही विहिरीवर डबा बसला. पावसाळ्यापर्यंत एकदा वाजलाही. आम्ही निर्धास्त झालो.

सरांची खरी ओळख मला झाली ती पुढच्या उन्हाळ्यात. तोवर ते आमच्यासाठी हॉलमधले एक गृहस्थ होते. बस्त्यावची बायको सकाळी कळशी भरून आली आणि तिने मला कुंपणावरून हाक मारली. वर्षानुवर्षं न बोलणारी बाई हाक मारते म्हणजे काहीतरी मेलंय, हे मी ओळखलं. तिने ओंजळ पुढे केली. चाखून बघितलं, पाणी मचूळ. विहिरीत वाकून पाहिलं तर खूण उघडी पडून कोरडी झालेली, आणि डबा मुका. आम्ही काय समजत होतो? डबा वाजत नाही म्हणजे विहिरीला पाणी आहे. दोन घरं, दोन मोटरी, सगळे त्या मुकेपणावर विसंबून पाणी ओढत होते.

मोटरी बंद केल्या. डबा उचकटला, भाजीच्या टोपलीत टाकला आणि वसई पूर्वेला सरांचा गाळा गाठला. आत पाचसहा बाया डाग देत, म्हणजे सोल्डरिंग करत, बसल्या होत्या, त्या माझा आवाज ऐकून थांबल्या. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. संपादक मंडळी सोवळी आहेत. एवढंच सांगते, की सरांनी मला मध्येच तोडलं नाही, खुर्ची दिली नाही आणि चहाही विचारला नाही. या तिन्हींसाठी मी त्यांना तेव्हाच गुण दिले. रागावलेल्या माणसापुढे चहा ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडात बोळा कोंबणं. मी दमल्यावर त्यांनी एकच विचारलं, "विहीर गेली, की जातेय?"

मी म्हटलं, "जातेय. पुन्हा एकदा असं झालं तर गेली."

"मग मी उद्या येतो," ते म्हणाले, आणि आले.

ते डबा घेऊन आले, विहिरीच्या काठावर उभे राहिले आणि वर बघत राहिले. डबा बसवला तेव्हा तिथे मोकळं ऊन होतं. वर्षभरात कडेच्या केळी वाढून पॅनलच्या डोक्यावर आल्या होत्या, आणि दोघींना घड धरलेला. घड धरलेली केळ आम्ही कापत नाही. पोटुशी बाईला घराबाहेर काढतात का? बस्त्याव तिथे कोयता घेऊनच उभे होते. त्यांना वाटलं, हा वसईचा माणूस आता केळी तोडायला सांगणार, म्हणजे याला कोयताच दाखवू. पण सर म्हणाले, "वाडी आहे, सावली असणारच. केळीचं काही चुकलेलं नाही. डबा सावलीत चालला पाहिजे होता, तो मी उन्हातला बनवला." बस्त्यावने कोयता खाली ठेवला. आमच्या घरच्या बोलीत ते पुटपुटले, त्याचा अर्थ साधारण असा, की हा शिकलेला असूनही बरा दिसतो.

दिवसभर सर केळीखाली मोजणीचा छोटा मीटर घेऊन बसले. ढग आला की मोजत, पान हललं की मोजत. दुपारी मी भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण दिलं, तेही मीटरवर डोळा ठेवूनच जेवले, आणि ताट स्वतः विसळून ठेवलं. डब्यात काय बिघडलं ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं. मी चौथीवाली म्हणून गोष्ट करून सांगितली नाही. मला कळेपर्यंत सांगितलं, हा फरक आहे. मला कळलं तसं लिहिते; चुकलं तर इंजिनीअर मंडळींनी गप्प बसावं, तुमचे लेख वेगळे आहेत.

डब्यात बॅटरी असते. तिचा जोर कमीजास्त होतो. ऊन असलं तर वर, नसलं तर खाली. आतल्या कामाला मात्र ठरलेला जोर लागतो, एकसारखा. म्हणून मध्ये एक चिप बसवतात. ती बॅटरीकडून मिळेल ते घेते आणि पुढे नेमकं पाहिजे तेवढ्या जोराने देते. लग्नातला वाढपीच म्हणा. पण वाढप्यालाही पोट असतं. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावर पहिल्याच पानावर ठळक लिहिलेलं असतं, की दहा घास घेतले तर नऊ पुढे पोचतात. ते खोटं नाही. पण ते पंगत भरलेली असतानाचं आहे. आमचा डबा दिवसभर झोपतो, मध्येच डोळा उघडून पाणी बघतो आणि पुन्हा झोपतो. पंगतीला कोणी नाही, आणि वाढपी आपला एकटा बसून खातोय, रात्रंदिवस. उन्हात ते खपून गेलं. सावलीत पॅनलकडून येत होतं त्यापेक्षा हा बसल्या जागी जास्त खात होता.

दुसरी खोड त्याहून वाईट. बॅटरी फार खाली गेली की ती चिप थांबते. चालत राहायला तिला थोडा जोर पुरतो, पण एकदा बसली की पुन्हा उठायला जास्त लागतो. म्हणजे माझे गुडघेच. पावसाळ्यात ढग दाटले, बॅटरी उतरली, चिप बसली. पुढे थोडाफार उजेड मिळायला लागला, पण उठण्याएवढा जोर पुन्हा साठला नाही, आणि ती उठली नाही. आम्ही मात्र उन्हाळ्यापर्यंत तिच्या भरवशावर.

त्या रविवारी मिस्सा झाल्यावर सरांनी हॉलमध्ये उभं राहून हे सगळ्यांना सांगितलं. ज्यांचे डबे अजून चालत होते त्यांनाही सांगितलं, की भरवसा ठेवू नका, पाणी स्वतः वाकून बघा. निवड माझी चुकली, मी पहिलं पान वाचून चिप घेतली, हे त्यांचे शब्द. एका माणसाने पाठीमागून म्हटलं, की कंपनीच्या माथी मारा ना, तुम्ही कशाला घेता अंगावर. सर म्हणाले, कंपनीने आतल्या पानावर सगळं लिहिलं होतं. मग स्कूटर घेऊन वाडीवाडीत फिरले आणि एकूण एक डबा परत नेला. हे मला फार आवडलं. चूक कबूल करणारे मी बरेच पाहिलेत. ते कबूल करून घरी जातात.

आता निवडीचं ऐका. एके सकाळी सर माझ्या दारात, हातात रिकामी गोणी. म्हणाले, आजी, केळीचा एक मुनवा द्या. मला वाटलं तो कोंब घरी लावणार असतील. त्यांनी तो नेऊन गाळ्याच्या दारात, गटाराच्या कडेला लावला. शेजारचे गाळेवाले हसले. कोणी म्हणे राऊतांनी धंदा बदलला, कोणी म्हणे सत्यनारायण घालताहेत. सर रोज त्याला पाणी घालत, आणि तो वाढेपर्यंत पॅनलवर गोणपाट टाकून काम चालवत. पुढे त्याच केळीच्या सावलीत त्यांनी एकेक चिप बसवून बघितली. कुठलीही चिप आली की पहिला प्रश्न, ही बसून किती खाते? दुसरा, उपाशी मेली तर आपली आपण उठते का? या दोन परीक्षा झाल्याशिवाय ते कागदाचं पहिलं पान कोणाला वाचूच देत नसत. माझी सून फिलू तोवर त्यांच्या गाळ्यात डाग द्यायला लागली होती, तिच्याकडून मला सगळं रोज कळायचं.

एक चिप आली, ती मुंगीएवढं खायची, पण एकदा बसली की बसली. एक उठायची चांगली, पण तिच्या गडबडीने सळ्यांचं मोजणं चुकायचं. पाणी असताना भोंगा वाजायचा. तिसरी खायची कमी, उठायची लवकर, पण तिच्यात भोंगा वाजवण्याचा दम नव्हता, आणि भरल्या पंगतीला तिची टक्केवारी साधारणच. मिलिंद, जो आज या ग्रंथाचा मुख्य संपादक आहे, तेव्हा नुकताच कॉलेजातून आला होता. तो म्हणाला, सर, ही सगळ्यांत कमी टक्क्यांची आहे, लोक हसतील. सर म्हणाले, लोकांच्या विहिरीत बघ, कागदात बघू नकोस. त्यांनी तीच घेतली. भोंग्याला बॅटरीवरून सरळ वेगळी वाट दिली, म्हणजे चिपवर त्याचा भार नको. आणि एक नवी गोष्ट केली: रोज सकाळी उजेड झाला की डबा एकदा टिवटिव करणार. जिवंत आहे एवढंच सांगणार. टिवटिव झाली नाही तर विहीर बघायला जायचं. मुकं म्हणजे बरं, हा आमचा समज त्यांनी असा मोडून काढला.

फिलूचं सांगायचं राहिलं. बारीक डाग देऊन देऊन तिचे डोळे जायला लागले. दुसऱ्या कोणी तिला घरी बसवलं असतं. सरांनी तिला डागाच्या टेबलावरून उठवलं आणि उपास परीक्षेवर बसवलं, म्हणजे चिपा उपाशी ठेवून त्या कधी बसतात आणि कधी उठतात ते बघायचं. परीक्षेची रीत भिंतीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून लावली. मी एकदा आभार मानायला गेले, तर म्हणाले, आभार कसले, तिच्या हातून चुकीची चिप सुटत नाही. गोड बोलणं त्यांना जमत नाही. म्हणूनच आमचं जमलं.

नवा डबा बसला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, भोंगा वाजला. डोक्यावर केळीची गच्च सावली, पॅनलवर उन्हाचा कवडसासुद्धा नाही, आणि वाजला. पाळी बस्त्यावची, मोटर त्यांची, ते पलीकडे बाजेवर झोपलेले. मी कोयता टाकला आणि कुंपणातून त्यांच्या मोटरच्या खोपीत शिरून त्यांचा स्टार्टर बंद केला. ते धडपडत आले.

"माझ्या मीटरला हात कोणी लावला?"

"मी लावला. खूण उघडी पडलीय, बघा वाकून."

"माझी पाळी आहे."

"पाळी तुमची आहे, विहीर दोघांची आहे. उद्या माझ्या पाळीला वाजला तर तुम्ही माझी बंद करा. मी एक शब्द बोलणार नाही."

ते वाकले. मग खाली उतरून त्यांनी ओंजळभर पाणी चाखलं आणि मला वर आणून दिलं. गोडं होतं. तेव्हापासून आमची विहीर मचूळ झालेली नाही, आणि बस्त्यावने माझी मोटर कितीदा बंद केली याचा हिशेब मी ठेवत नाही. बोलणं आमचं अजून तेवढ्यापुरतंच आहे. सरांनी विहीर वाचवली, भावकी वाचवायचं त्यांनी कबूल केलं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. सरांनी निवडलेली ती चिप कंपनीने बनवणं बंद केलं आहे. जुने डबे एकेक करून थकताहेत. नवा डबा मिलिंद आणि मंडळी बनवताहेत, आणि पहिला आमच्या विहिरीवर बसवायचा म्हणताहेत. मिलिंद हुशार आहे, कामाचा आहे, सरांवर त्याचा जीव आहे, हे मी लिहून देते. पण मी त्याला फोनवर विचारलं की नवी चिप कशी आहे, तर म्हणाला, आजी, एकदम मस्त, नव्वदच्या वर आहे. मी विचारलं, बसून किती खाते? तो म्हणाला, सरांना विचारून सांगतो. उपाशी मेली तर उठते का? तेही सरांना विचारून.

सर साठ वर्षांचे झाले. गेल्या वर्षी त्यांच्या छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आहे, तरी सगळ्या वाड्यांचे फोन तेच घेतात आणि सगळ्या चिपांची उत्तरं तेच देतात. मंडळी, याला गौरव म्हणत नाहीत. ज्या माणसाने आपल्याला दोन प्रश्न विचारायला शिकवले, त्याच माणसाला ते दोन प्रश्न जन्मभर विचारत राहणं, हा आळस आहे. शाल घातली म्हणून तो झाकला जात नाही. आणि आमची विहीर एकच आहे. खारं पाणी अजून खाली टपलेलं आहे, वर उपसा पूर्वीपेक्षा वाढला आहे. पहिल्या पानावरची चिप मी पुन्हा एकदा माझ्या विहिरीवर बसू देणार नाही, मग ती सरांच्या शिष्यांनी आणलेली असो.

सरांसाठी माझी प्रार्थना थोडक्यात सांगते. परमेश्वर त्यांना शंभरी दाखवो, आणि ती बिछान्यात नको, चालत्या पायांची असू दे. जेवण पचो, झोप लागो, दुपारी त्यांचा फोन वाजू नये. बोंबील डॉक्टरांनी बंद केले असतील तर मी डॉक्टरांशी बोलेन.

आता समारंभाचं. मी येणार, बस्त्यावही येणार. वेगवेगळ्या रिक्षांनी, पण येणार. शाल, नारळ, भाषणं जे काय असेल ते नंतर करा. आधी मी उभी राहून नव्या चिपबद्दल माझे दोन प्रश्न सगळ्यांदेखत विचारणार आहे. सर, तुम्ही खुर्चीवरून उठायचं नाही, आणि ओठसुद्धा हलवायचे नाहीत. फिलू, तूही सांगायचं नाहीस. उत्तर मिलिंदने द्यायचं, स्वतः सावलीत बसून मोजून आणलेलं, माईकवर, मोठ्याने.